नवीन असेंबल केलेला पीसी मधेच हँग होतो? फॉरमॅट नंतर मारा, आधी हा क्रम धरा

दर दोन-तीन आठवड्यांनी कोणीतरी विचारतंच, मागच्या महिन्यात पीसी बनवला, सगळे पार्ट नवीन, तरी मधेच अडकतो, तीनदा फॉरमॅट केलं, आता काय करू. आणि प्रत्येक वेळी चूक तीच असते, म्हणजे एका दिवसात विंडोज नवीन टाकलं, बायोस (बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं, रॅमचे स्लॉट बदलले, ड्रायव्हर बदलले, मग दोन दिवस बरं चाललं आणि परत अडकला. आता नक्की कशाने दोन दिवस बरं चाललं होतं हे कोणालाच माहीत नाही, ज्याने केलं त्यालाही नाही.

माझ्या भाच्याने पण हेच केलं होतं. राजेंद्र नगरला राहतो, मला फोन, "मामा, पाचव्यांदा फॉरमॅट करतोय." म्हटलं थांब, हात लावू नकोस, येतो मी. त्याचं काय निघालं ते खाली बायोसच्या पायरीत सांगतो.

खालच्या पायऱ्या याच क्रमाने करा. फुकटच्या आणि सोप्या गोष्टी आधी, पैशाच्या आणि खोलाखोलीच्या नंतर. मधली पायरी उडवली तर पुढच्या पायरीचा निकाल खोटा येतो.

## पायरी १ : तयारी (अर्धा तास, पण हीच सगळे टाळतात)

एक वही घ्या. खरंच कागदाची वही, कारण पीसीवरच नोट केलं तर पीसी अडकल्यावर कुठे बघणार. दोन पेनड्राईव्ह लागतील, ८ जीबीचे चालतात, एक मेमरी टेस्टसाठी आणि एक लाइव्ह लिनक्ससाठी (इन्स्टॉल न करता पेनड्राईव्हवरूनच चालणारं). एक चांगला मॅग्नेट असलेला स्क्रूड्रायव्हर. सगळी बिलं आणि डबे एका जागी. डबे टाकले असतील तर निदान सिरीयल नंबरचे फोटो काढून ठेवा.

मग महत्त्वाच्या फाईल्सचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर. सारखा अडकणारा आणि बटण दाबून बंद केला जाणारा पीसी फाईल्स खराब करतो, दोष कुठलाही असो.

विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं असेल तर बऱ्याच मशीनवर ड्राईव्हचं एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं. बिटलॉकरची रिकव्हरी की आत्ताच अकाउंटमधून काढून त्या वहीत लिहा.

सावधान: की हातात नसताना बायोसला हात लावू नका. बायोस अपडेट झाल्यावर किंवा सेटिंग बदलल्यावर विंडोज ४८ आकडी की मागू शकतं, आणि नसेल तर डेटा गेला.

## पायरी २ : नक्की काय अडकतं ते ओळखा

"हँग होतो" या एका शब्दात चार वेगळे आजार आहेत आणि लोक चारही आजारांवर एकच गोळी घेतात. पुढच्या वेळी अडकला की लगेच पॉवर बटण दाबू नका, दोन मिनिटं थांबा आणि हे बघा.

वायरवाल्या कीबोर्डचा कॅप्स लॉक दाबा. दिवा चालू-बंद होतो का? होत असेल तर सिस्टीम जिवंत आहे, कुठलं तरी एक अंग अडकलंय. दिवा हलतच नसेल, माऊस मेला, आवाज एकाच सुरावर घर्रर्र करत अडकला, तर पूर्ण हँग. हा बहुतेक वेळा हार्डवेअर, बायोस सेटिंग किंवा खालच्या पातळीवरचा ड्रायव्हर.

गाणं चालू राहतं पण चित्र थिजलं किंवा स्क्रीन काळी झाली? मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. यानं ग्राफिक्स ड्रायव्हर रीसेट होतो, एक बीप येते, चित्र परत आलं तर संशय ग्राफिक्सवर.

माऊस फिरतो पण काहीच उघडत नाही, अर्ध्या मिनिटानं सगळं एकदम पळायला लागतं? हा बहुधा एसएसडीचा खेळ, पायरी ८ डोळ्यासमोर ठेवा.

आणि अडकत नाही, डायरेक्ट रीस्टार्ट होतो किंवा बंद पडतो, तर तो हँग नाहीच, तो एसएमपीएस (डब्यातला पॉवर सप्लाय), वीज किंवा तापमानाचा भाग. त्यांच्यासाठी पायरी ३, ४ आणि ७ आधी.

वहीत लिहायचं काय, तर तारीख, वेळ, काय चालू होतं, वरच्यापैकी कुठला प्रकार, आणि चालू केल्यापासून किती वेळानं. पाच नोंदी होईपर्यंत काहीही बदलू नका, हे सगळ्यात अवघड आहे मला माहितीये. पण त्या पाच नोंदींवरून तुम्हाला सरासरी कळते, म्हणजे समजा दर १० तासांनी एकदा अडकतो. आता कुठलाही उपाय केला की त्याच्या तिप्पट, म्हणजे ३० तास, बिना अडकता चालला तरच तो उपाय लागू पडला म्हणायचं. दोष असाच अधूनमधून येणारा असेल तर तिप्पट वेळ नुसत्या नशिबानं निघायची शक्यता ५ टक्क्यांच्या आसपास राहते. एकपट वेळ निघाला आणि नाचलात तर ती शक्यता ३७ टक्के आहे, म्हणजे तीनातले एक जण उगाच नाचतात.

## पायरी ३ : विंडोजचा लॉग बघा, पण नीट वाचा

स्टार्टमध्ये रिलायबिलिटी टाईप करा, तारखेप्रमाणे लाल फुल्या दिसतात, वहीतल्या वेळांशी जुळवा. मग इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्स, त्यात सिस्टीम, आणि अडकण्याच्या वेळेच्या आधीची पाच मिनिटं वाचा.

इथे सगळ्यात मोठी गैरसमजूत. कर्नल पॉवर ४१ दिसलं की लोक सरळ नवीन एसएमपीएस आणतात. अहो, ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट शटडाऊन झालं नव्हतं. तुम्ही स्वतः बटण दाबून बंद केलंत तरी ४१ येणारच! तो पुरावा नाही, पंचनामा आहे.

कामाच्या नोंदी वेगळ्या. व्हीया लॉगर (WHEA-Logger) असं नाव दिसलं तर हार्डवेअरनेच चूक कळवली आहे, १८ नंबर म्हणजे गंभीर, १७ आणि १९ म्हणजे चूक झाली पण सुधारली. डिस्क ७ म्हणजे ड्राईव्हवर खराब ब्लॉक सापडला, डिस्क १५३ किंवा स्टोरेज कंट्रोलरच्या नावाने १२९ म्हणजे ड्राईव्हनं वेळेत उत्तर दिलं नाही. डिस्प्ले ४१०१ म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर पडला आणि उठला. काहीच नोंद नाही, एकदम कोरं, हे पण उत्तरच आहे, कारण लॉग लिहायलाही वेळ मिळाला नाही, म्हणजे बहुधा रॅम, प्रोसेसर, वीज किंवा बोर्ड.

## पायरी ४ : आधी भिंतीतली वीज, मग डब्यातली

आपल्याकडे इंदूरला जुन्या घरात, रामबाग-नारायण बाग बाजूला तर बघायलाच नको, तीन पिनचा सॉकेट असतो पण तिसऱ्या भोकात अर्थिंगची तारच नसते. ओळखायची खूण सोपी, अनवाणी कॅबिनेटच्या पत्र्याला बोट लावलं की मुंग्या येतात. लोक म्हणतात "हलका करंट आहे, चालतं". चालत नाही. पीसीचे यूएसबी मधेच तुटणं, आवाजात घरघर आणि कधीकधी हँग, यात त्याचा हात असू शकतो, शिवाय तुमच्या जिवाचा प्रश्न आहे तो वेगळाच.

इलेक्ट्रिशियनला बोलवून मीटरनं तीन मापं घ्यायला सांगा. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज ते अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्टच्या आत. मीटर वापरायची सवय नसेल तर स्वतः सॉकेटमध्ये काही खुपसू नका, हे काम शंभर-दोनशे रुपये देऊन करून घ्यायचं.

मग एक्स्टेन्शन बोर्ड. पीसी, मॉनिटर, प्रिंटर आणि उन्हाळ्यात कूलर, सगळं एकाच बोर्डवर, ही आपली पद्धत. कूलरची मोटर आणि पंप तिथून काढा. आणि कूलरची ओली हवा सरळ कॅबिनेटवर मारू नका, मे महिन्यात लोकांना वाटतं पीसीला पण थंड वाटेल.

यूपीएस किंवा इन्व्हर्टर असेल तर दोन दिवस पीसी सरळ भिंतीच्या सॉकेटवर चालवून बघा. साधा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, गेमिंग कार्डवाला पीसी मॉनिटरसकट त्याला सहज ओलांडतो. घरच्या इन्व्हर्टरला मागे बहुधा एक स्विच असतो, यूपीएस मोड आणि साधा मोड. साध्या मोडवर बदलाबदलीला जास्त वेळ लागतो, आणि एसएमपीएस वीज नसताना साधारण १६ मिलिसेकंदच तग धरतो. तसं लाईटच्या झटक्यानं पीसी रीस्टार्ट होतो, हँग कमी होतो, पण ही गोष्ट फुकट तपासून होते म्हणून आधी.

तपासा: भिंतीवर चालवून तिप्पट वेळ निघाला? मग दोष बाहेरच होता. नाही? पुढे चला.

## पायरी ५ : कॅबिनेट उघडा

वायर काढा, पॉवर बटण १० सेकंद दाबून उरलेली वीज निघू द्या, पत्र्याला हात लावून अंगावरचं स्टॅटिक उतरवा. उघडण्याआधी फोटो काढा, आणि काढल्यावर पुन्हा लावताना त्या फोटोवरूनच.

बोर्डचा मोठा २४ पिनचा कनेक्टर पूर्ण बसलाय का? त्याची क्लिप टक करून अडकली पाहिजे. नवीन बोर्डवर तो इतका घट्ट असतो की बोर्ड वाकेल या भीतीनं लोक अर्धवट सोडतात. आमच्या शेजारच्या काकूंच्या मुलाचा पीसी कपाटाचं दार आपटलं की अडकायचा, सगळे हसायचे, पण तो खरंच सांगत होता. क्लिप लागलीच नव्हती. तसाच वरच्या डाव्या कोपऱ्यातला प्रोसेसरचा ८ पिनचा, तो पण.

ग्राफिक्स कार्डला दोन सॉकेट असतील तर एसएमपीएसमधून दोन वेगळ्या वायरी आणा, एकाच वायरीच्या दोन शेपट्या लावू नका. छोट्या कार्डला चालतं, मोठं कार्ड झटक्यात जास्त वीज ओढतं तेव्हा तीच वायर कमी पडते.

सावधान: मॉड्युलर एसएमपीएसच्या (ज्याच्या वायरी सुट्या होतात) वायरी दुसऱ्या कंपनीच्या किंवा दुसऱ्या मॉडेलच्या एसएमपीएसला कधीही लावू नका. बसतात हुबेहूब, पण आतली पिनांची जोडणी वेगळी असते आणि चालू करताच एसएसडी, बोर्ड जळू शकतो.

रॅम दोनच असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. चार स्लॉटच्या जवळजवळ सगळ्या बोर्डवर हेच, तरी मॅन्युअलमध्ये बघून घ्या. काढून, सोनेरी दातांना बोट न लावता, परत दाबून बसवा.

बोर्डच्या मागचे पितळी स्टँडऑफ (ज्या छोट्या खांबांवर बोर्ड बसतो ते) मोजा. जेवढी बोर्डला भोकं तेवढेच, त्याच जागी. एखादा जास्तीचा स्टँडऑफ बोर्डच्या मागे टेकला की शॉर्ट होतो, आणि तो शॉर्ट तापल्यावर, हलल्यावर, मनाला येईल तेव्हा होतो. माझ्या स्वतःच्या पहिल्या पीसीत हा होता, आठ दिवस शोधत होतो, शेवटी बोर्ड बाहेर काढल्यावर चकचकीत ओरखडा दिसला.

प्रोसेसरचा कूलर काढायचाच असेल तर थर्मल पेस्ट हातात असू द्या, परत तीच वापरायची नाही. कूलरच्या तळाची प्लास्टिकची फिल्म काढली होती का, हे विचारायला लाज वाटते पण विचारावं लागतं. आणि इंटेल किंवा एएम५ सॉकेटवर कूलरचे स्क्रू एका बाजूनं जास्त आवळले की प्रोसेसरच्या काही पिनांचा दाब बदलतो आणि एक मेमरी चॅनेल लपंडाव खेळतं, म्हणून स्क्रू तिरप्या जोडीनं थोडे थोडे आवळा.

## पायरी ६ : बायोस, आणि इथेच अर्धे पीसी बरे होतात

बायोसमध्ये जाऊन लोड ऑप्टिमाईज्ड डिफॉल्ट्स. त्याआधी सगळ्या पानांचे मोबाईलनं फोटो, खासकरून स्टोरेज मोडचा. तो रेडवरून (RAID) एएचसीआयवर (AHCI) गेला तर विंडोज सुरूच होणार नाही, मग लोक समजतात एसएसडी मेली.

आता एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमला पाकिटावरच्या वेगानं पळवणारं सेटिंग) बंद. दुकानात रॅमवर ६००० लिहिलेलं असतं, पण तो वेग हमखास मिळेलच असं प्रोसेसरवाला सांगत नाही. रायझन ७००० ला अधिकृतपणे दोन रॅमवर ५२०० आहे, चार रॅम लावल्या तर ३६०० वर येतो. एक्सएमपी म्हणजे ओव्हरक्लॉकच आहे, फक्त एका बटणात भरलेला. बंद करून तिप्पट वेळ चालवा. अडकणं थांबलं तर दोष सापडला, मग ६००० च्या जागी ५६०० लावून बघा, रोजच्या कामात फरक कळत पण नाही.

भाच्याचं हेच होतं. त्यानं १६ च्या दोन रॅमचं एक पाकीट घेतलं आणि ऑफर दिसली म्हणून तसंच दुसरं पाकीट पण, चार रॅम ६००० वर. पाकीट एकच मॉडेल असलं तरी चौघींची एकत्र चाचणी कंपनीनं केलेली नसते. दोन काढल्या, एक्स्पो चालू ठेवला, आजपर्यंत अडकला नाही. पाच फॉरमॅट वाया गेले.

बायोसची आवृत्ती बघा. दुकानात बोर्ड वर्षभर पडलेला असतो आणि त्यात जुनीच बायोस असते. दोन ठळक उदाहरणं. रायझनवर दर थोड्या वेळानं एक-दोन सेकंद सगळं अडखळायचं, आवाज पण तुटायचा, ते फर्मवेअर टीपीएममुळे (प्रोसेसरमधला सुरक्षेचा भाग) होतं हे एएमडीनं २०२२ मध्ये मान्य केलं आणि त्याच वर्षी नवीन बायोसमधून सुधारणा दिली. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरना जास्त व्होल्टेज जात होतं, त्याचे मायक्रोकोड अपडेट ऑगस्ट २०२४ पासून बायोसमधून आले. पण एकदा बिघडलेला प्रोसेसर अपडेटनं बरा होत नाही. अशा प्रोसेसरची वॉरंटी इंटेलनं २ वर्षं वाढवलेली आहे, म्हणजे बॉक्सवाल्याला ३ ची ५ झाली, बिल शोधा.

सावधान: बायोस अपडेट करताना एक्सएमपी बंद, बिटलॉकर सस्पेंड, फाईल बोर्डच्या कंपनीच्या साईटवरून नेमक्या मॉडेल आणि रिव्हिजनची, आणि त्या दिवशी पावसाळी ढग जमले असतील तर राहू द्या, लाईट मधेच गेली तर बोर्ड गेला.

डीडीआर५ असेल तर बायोस अपडेट किंवा रॅम बदलल्यावर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहते. मेमरी ट्रेनिंग चालू असतं. घाबरून बटण दाबू नका, चहा टाका.

एक खास प्रकार, पीसी काम करताना कधीच अडकत नाही, पण तुम्ही जेवायला उठलात की अडकलेला सापडतो. रायझनवर बायोसमध्ये पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल नावाचं सेटिंग असतं, ते टिपिकल करंट आयडल वर ठेवा. काम नसताना प्रोसेसर इतकी कमी वीज मागतो की काही एसएमपीएस गडबडतात. माझ्या ऑफिसच्या पीसीचा आजार याच एका ओळीनं गेला, नाहीतर मी बोर्ड बदलायला निघालो होतो.

## पायरी ७ : रॅमची परीक्षा, तापमानाची नोंद

मेमटेस्ट८६ पेनड्राईव्हवर टाका, त्यावरूनच पीसी सुरू करा. विंडोजमधली मेमरी टेस्ट बऱ्याच चुका सोडते, तिच्यावर विसंबू नका. चारही पास पूर्ण होऊ द्या, ३२ जीबीला कित्येक तास लागतात, रात्री लावा आणि सराफ्यात खायला जाऊन या, परत आलात तरी चालूच असेल. एक चूक आली तरी नापास. "एकच तर आहे" असं रॅममध्ये नसतं भिया.

चूक आली तर एकच रॅम दुसऱ्या स्लॉटमध्ये ठेवून परत, मग दुसरी रॅम त्याच स्लॉटमध्ये. चूक रॅमबरोबर फिरली तर रॅम खराब, स्लॉटबरोबर राहिली तर बोर्ड किंवा प्रोसेसरच्या पिना. एक्सएमपी बंद असताना पास आणि चालू असताना नापास हा निकाल पण वहीत लिहा, वॉरंटीत कामाला येतो.

तापमानाबद्दल जरा उलटं सांगतो. इंदूरचा मे म्हटलं की ४० च्या वर, वरच्या मजल्यावरची खोली, म्हणून सगळे आधी उष्णतेवर खापर फोडतात. पण नवीन प्रोसेसर तापला की आधी मंद होतो आणि फारच तापला तर बंद पडतो, नुसता अडकून बसणं कमी. इंटेलची मर्यादा बहुधा १०० अंश, रायझन ७००० तर ९५ पर्यंत मुद्दाम जातो. खोली २५ ऐवजी ३८ झाली की आतले आकडे पण साधारण तेवढेच, १३ अंशांनी वर सरकतात, हिशोब सोपा आहे.

एचडब्ल्यू इन्फो (तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) मध्ये लॉगिंग चालू करा, फाईलमध्ये दर दोन सेकंदाला नोंद होते. अडकल्यानंतर शेवटच्या ओळी वाचा. प्रोसेसर ६० वर आणि अडकला, तर उष्णतेचा विषय संपला, कृपा करून नवीन पंखे घेऊ नका. ग्राफिक्सचा हॉट स्पॉट किंवा एसएसडी चढलेली दिसली तर कॅबिनेटची बाजू उघडून चालवा आणि फरक बघा.

## पायरी ८ : एसएसडी

माऊस फिरतो पण बाकी सगळं थिजतं, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के आणि वेग शून्य, लॉगमध्ये १२९ किंवा १५३. क्रिस्टल डिस्क इन्फो उघडा. साटा ड्राईव्हवर सीआरसी एररचा आकडा वाढत असेल तर ड्राईव्ह नाही, केबल बदला, शंभर रुपयाचं काम. एम.२ असेल तर काढून परत बसवा, स्क्रू लावा (स्क्रूशिवाय तिरका उभा राहिलेला एम.२ मी दोनदा पाहिलाय), दुसरा एम.२ स्लॉट असेल तर तिथे लावून बघा.

पॉवर ऑप्शन्समध्ये पीसीआय एक्सप्रेसचं लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट बंद करा. एसएसडीच्या कंपनीचं टूल घेऊन फर्मवेअर अपडेट करा, बॅकअप केला असेल तरच. फारच स्वस्तात मिळालेली एसएसडी असेल तर एच२टेस्टडब्ल्यू नं पूर्ण भरून तपासा, लिहिलेली जागा खरी नसते कधीकधी.

## पायरी ९ : आता कुठे विंडोज आणि ड्रायव्हर

सगळ्यांत आधी लाइव्ह लिनक्स. दुसऱ्या पेनड्राईव्हवर उबंटू टाका, इन्स्टॉल न करता ट्राय वर चालवा, व्हिडिओ लावून ठेवा, तुमच्या सरासरी वेळेएवढा तरी. तिथे पण अडकला तर विंडोज निर्दोष आहे, फॉरमॅटचा विचार सोडा. नाही अडकला तर पक्कं काही नाही, पण संशय विंडोजकडे झुकतो.

मग बोर्डच्या साईटवरून चिपसेट ड्रायव्हर. सीडीतला किंवा "सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये" वाला नको. ग्राफिक्सचा जुना ड्रायव्हर इंटरनेट बंद करून, सेफ मोडमध्ये डीडीयूनं (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर) साफ करून एकदाच नवीन टाका, नवीन गडबड करत असेल तर एक पाऊल जुना.

आरजीबीच्या दिव्यांची सॉफ्टवेअर काढा. रॅमची वेगळी, बोर्डची वेगळी, पंख्याची वेगळी, तिघं मिळून एकाच वायरीवरून बोलायला बघतात आणि भांडतात. दिवे आहेत तेवढे पुरे. दोन अँटीव्हायरस असतील तर एक काढा. एमएस कॉन्फिगमध्ये मायक्रोसॉफ्टच्या सेवा लपवून बाकीच्या बंद करून चालवा, थांबलं तर अर्ध्या-अर्ध्या करून परत चालू करा, गुन्हेगार चार-पाच फेऱ्यांत सापडतो.

एवढं होऊन लिनक्सवर ठीक, विंडोजवर खराब, तेव्हा फॉरमॅट. हीच त्याची जागा.

## पायरी १० : कमीत कमी पार्टवर चालवणं

बोर्ड कॅबिनेटमधून काढून त्याच्या पुठ्ठ्याच्या डब्यावर ठेवा (बोर्डच्या चंदेरी अँटीस्टॅटिक पिशवीवर नको, ती बाहेरून वीज वाहू शकते). प्रोसेसर, कूलर, एक रॅम, एसएसडी, एसएमपीएस, बस. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर कार्ड पण काढा, इंटेलच्या एफवाल्यात नसतं हे लक्षात ठेवा. असा चालला तर एकेक पार्ट वाढवत जा, दर वेळी तिप्पट वेळ देऊन. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही.

तरीही अडकला तर अदलाबदल, आणि तिचा पण क्रम, एसएमपीएस मित्राचा आणून, मग रॅम, मग ग्राफिक्स, मग बोर्ड, शेवटी प्रोसेसर. नवीन प्रोसेसर खराब निघणं दुर्मीळ, वर सांगितलेल्या इंटेलच्या दोन पिढ्या सोडून. मित्राचा एसएमपीएस आणाल तेव्हा त्याच्या वायरीसकट आणा, पायरी ५ आठवा.

## पायरी ११ : दुकानात जाताना

सिल्व्हर मॉलला किंवा जिथून घेतलं तिथे नुसतं "हँग होतो" म्हणून गेलात तर तो काऊंटरवर १० मिनिटं चालवतो, म्हणतो "चल तो रहा है", आणि परत पाठवतो. माझ्याबरोबर एका दुकानात हेच झालं, दोन चकरा. तिसऱ्या वेळी वही, मेमटेस्टच्या लाल ओळींचा फोटो, अडकतानाचा कॅप्स लॉकचा व्हिडिओ आणि लॉगचा स्क्रीनशॉट घेऊन गेलो, पाच मिनिटांत रॅम जमा करून घेतली.

एकच पार्ट न्या, पूर्ण कॅबिनेट नाही, नाहीतर तिथे अजून चार गोष्टी हलतात. जमा करताना सिरीयल नंबर लिहिलेली पावती घ्या आणि परत मिळाल्यावर नंबर जुळवा, बदलून आलेल्या पार्टचा नंबर वेगळा असेल तर तो बिलावर लिहून शिक्का मारून घ्या. परत आलेली रॅम लावलीत की पायरी ७ पुन्हा पूर्ण, चारही पास, त्याआधी एक्सएमपी चालू करू नका.